इंजिन बदललेल्या ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचे कोन जुळवताना

दुसरं इंजिन चेसिसमध्ये उतरलं, पंखा रेडिएटरला घासत नाही, क्लच सुटतो, गिअर पडतात, की गॅरेजमध्ये काम झालं असं समजतात. मग ठाणे-बेलापूर रोडवर गाडी ५५-६० च्या पुढे गेली की केबिन थरथरायला लागते. महिन्याभरात प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या ॲक्सलला नेणारा दांडा) मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटतं, गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळतं, शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा, म्हणजे क्रॉस, खडखडतो. क्रॉस बदलतात, शाफ्ट बॅलन्सिंगला जातो, थरथर तशीच राहते. कारण कोन चुकलेला असतो, आणि तो चुकला त्या दिवशी, ज्या दिवशी इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन धरणारे ब्रॅकेट आणि रबर) अंदाजाने पक्कं केलं.

या लेखातली मुख्य गोष्ट इथेच सांगून टाकतो. इंजिन-गिअरबॉक्सचा उतार मागच्या हाऊसिंगच्या (मागच्या ॲक्सलचं कवच) पिनियनकडे (शाफ्टकडून फिरणं घेणारा लहान गिअर) बघून ठरतो. म्हणून फाउंडेशनचे ब्रॅकेट अखेरचे पक्के करायचे ते सगळे कोन मोजून, कागदावर हिशेब जुळल्यावरच.

क्रॉसमध्ये नेमकं काय होतं

कोनात चालणारा क्रॉस फिरणं सारखं पुढे देत नाही. गिअरबॉक्सकडचा योक (क्रॉसला दोन कानांत धरणारा तुकडा) एकसारखा फिरत असला, तरी क्रॉसच्या पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा थोडा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. कोन ३° असेल तर हा फरक फक्त ०.१४ टक्के वर-खाली असतो. ६° ला तो सुमारे ०.५५ टक्के होतो आणि १०° ला दीड टक्का. म्हणजे कोन दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. शाफ्ट मिनिटाला २५०० फेरे घेत असेल तर असे धक्के मिनिटाला ५००० बसतात, आणि तेही शेकडो किलो वजनाच्या फिरत्या लोखंडाला.

पहिल्या क्रॉसने केलेली ही गडबड दुसरा क्रॉस पुसून टाकू शकतो. त्यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत, आणि त्यांच्यामधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत. तिसरी अट कोन लहान ठेवण्याची, कारण मधला शाफ्ट स्वतः तर वेडावाकडा फिरतच असतो. दोन्ही कोन सारखे असले तरी त्याच्या वजनाचे हेलकावे कुठे जात नाहीत. चौथी अट अशी की हे सगळं गाडी ज्या उंचीवर रोज चालते त्या उंचीवर खरं असलं पाहिजे, जॅकवर लटकलेल्या हाऊसिंगवर नाही.

कोन शून्य करावा असंही नाही. क्रॉसच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया थोड्या तरी गोल फिरल्या पाहिजेत. कोन अर्ध्या अंशाखाली गेला की सुया एकाच जागी दाबल्या जातात, क्रॉसच्या खुंटीवर त्यांचे चर पडतात आणि ग्रीस त्या जागी पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक क्रॉसला शक्यतो ०.५° ते ३° मिळवायचं, आणि जोडीतल्या दोन क्रॉसमधला फरक १° च्या आत ठेवायचा.

जास्तीत जास्त कोन शाफ्टच्या वेगावर ठरतो. साधारण मर्यादा अशा: मिनिटाला १५०० फेऱ्यांना ११.५°, २००० ला ८.७°, २५०० ला ७°, ३००० ला ५.८°, ३५०० ला ५°, ४००० ला ४.२°. ही शेवटची रेघ आहे. रोज तिच्या अर्ध्यात राहणारा क्रॉस जास्त टिकतो.

शाफ्टचा वेग इंजिनाच्या टॅकोमीटरवरून काढू नका. ओव्हरड्राइव्हचा (वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरवणारा) गिअरबॉक्स आला की तो हिशेब चुकतो. रस्त्यावरच्या वेगावरून काढा. १०.००-२० टायर एका फेरीत सुमारे ३.२ मीटर जातं. ताशी ८० किमी म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाच्या ४१७ फेऱ्या. क्राऊन-पिनियनचं प्रमाण ६ असेल तर शाफ्ट २५०० वर फिरतो. तुमच्या गाडीचं टायर जमिनीवर एक फेरी लोटून खडूने मोजा आणि प्रमाण हाऊसिंगच्या पट्टीवरून किंवा दात मोजून घ्या.

जुनं इंजिन काढण्याआधी

आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर नोंदणी कार्यालयाची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद लागते. गाडी एमएच-०४ असेल तर ठाणे, एमएच-४३ असेल तर वाशी, एमएच-४६ असेल तर पनवेल. त्याच मॉडेलमध्ये कंपनीने स्वतः दिलेलं इंजिन निवडलं तर कागदाचं काम सोपं होतं, आणि कोनांचंही. कारण त्या इंजिनाचे कंपनीचे ब्रॅकेट, क्रॉस मेंबर (चेसिसचा आडवा तुकडा) आणि शाफ्ट बाजारात मिळतात. विमा कंपनीलाही कळवा.

मग मोजमाप. हे बहुतेक जण वगळतात आणि नंतर हळहळतात. जुनं इंजिन गाडीत असतानाच पुढच्या गोष्टी लिहून ठेवा: गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लॅन्जचा (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) उतार, प्रत्येक शाफ्टचा उतार, पिनियनच्या फ्लॅन्जचा उतार, फ्लॅन्जच्या मध्यापासून चेसिसच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, फ्लॅन्जपासून पहिल्या क्रॉस मेंबरपर्यंतचं अंतर, आणि फ्लॅन्ज चेसिसच्या मध्यरेषेपासून डावी-उजवीकडे किती सरकलेला आहे ते. प्रत्येक जागेचा फोटो काढा, फोटोत टेप दिसू द्या.

जुने आकडे कंपनीचेच असतील असं मात्र धरू नका. कळंबोलीहून कॉइल आणि सळ्या भरणाऱ्या गाड्यांना मागे जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) घातलेले असतात, त्याने मागची उंची ४०-५० मिमी वाढलेली असते. कधी हाऊसिंग दुसऱ्या गाडीचं असतं. जुन्या मापात दोन क्रॉसचा फरक २° दिसला तर ती गाडी आधीच चुकीची चालत होती, तिची नक्कल करायची नाही.

उतार कसा मोजायचा

०.१° दाखवणारा, तळाला चुंबक असलेला डिजिटल अँगल मीटर घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि आता ऑनलाइनही सहज मिळतो. फोनच्या ॲपवर हे काम करू नका. फोनची कडा गोल असते आणि कव्हर अर्धा अंश सहज खातं.

गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर घ्यायचीच झाली तर स्टँड हाऊसिंगखाली द्या, चेसिसखाली नाही, नाहीतर पाटे सुटून पिनियनचा कोन बदलतो. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. शाफ्ट सोडल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी थांबत नाही, आणि ज्या गाडीचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे बसतो तिचा हँडब्रेकही निकामी होतो. कार्यशाळेची फरशी उतरती असेल तरी चालेल. मीटर चेसिसच्या सरळ कडेवर ठेवून शून्य करा, मग सगळे आकडे चेसिसच्या तुलनेत मिळतात. मात्र एकदा मोजायला लागल्यावर गाडी हलवू नका, केबिनमध्ये कोणाला चढू देऊ नका.

मीटर फक्त मशीन केलेल्या सपाट जागेवर ठेवायचा. फ्लॅन्जच्या तोंडाचा उतार उभा मोजून ९०° वजा करता येतो. शाफ्टच्या नळीवर मोजताना रंग, गंज आणि बॅलन्सचा तुकडा टाळा. तीन ठिकाणी मोजून मधला आकडा घ्या. पिनियनसाठी फ्लॅन्जचं तोंड किंवा योकचा मशीन केलेला कान वापरा. हाऊसिंगच्या ओतीव पाठीवर ठेवलेला मीटर काहीही दाखवतो.

खुणेची पद्धत एकच ठेवा: मागे उतरत जाणारा भाग अधिक, मागे चढत जाणारा भाग उणे. लगतच्या दोन भागांचे उतार एकाच दिशेचे असतील तर वजाबाकी करा, उलट दिशेचे असतील तर बेरीज. येणारा आकडा म्हणजे त्या क्रॉसचा खरा कोन. नुसता शाफ्टचा उतार बघून "बारा अंश आहे, जास्त आहे" म्हणणं निरर्थक आहे. क्रॉसला फक्त फरक कळतो.

इंजिन टेकवणं

नवं इंजिन गिअरबॉक्ससकट उतरवून क्रेनवर किंवा चेन ब्लॉकवर अर्धवट लटकू द्या आणि खाली समायोजित स्टँड द्या. ब्रॅकेटची भोकं या टप्प्यावर लांबट ठेवा, म्हणजे वर-खाली २०-२५ मिमी सरकवता येईल. फाउंडेशनचे रबर नवे घाला. जुन्या दबलेल्या रबरवर जुळवलेला कोन रबर बदलल्या दिवशी बिघडतो. रबरावर इंजिनाचं पूर्ण वजन येऊ द्या, तेल-पाणी भरलेलं असेल तर आणखी चांगलं, आणि मगच मोजा.

ट्रकच्या चेसिसच्या पट्ट्या जास्त ताकदीच्या पोलादाच्या असतात. त्यांच्या वरच्या-खालच्या कडांना भोक पाडू नये आणि वेल्डिंग करू नये, तिथूनच चीर जाते. ब्रॅकेट बाहेर टेबलावर वेल्ड करून उभ्या बाजूला, शक्यतो असलेल्या भोकांत, १०.९ ग्रेडच्या बोल्टने बसवा. गाडीवर कुठेही वेल्डिंग करावं लागलं तर बॅटरी आणि ईसीयूच्या (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) वायरी सोडा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावा. दूर लावलेल्या चिमट्याचा करंट शाफ्ट आणि बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर जळके ठिपके सोडतो.

इथे एक साधा गुणाकार फार उपयोगी पडतो: १ मीटर अंतरावर १° म्हणजे १७.५ मिमी. पुढच्या आणि मागच्या फाउंडेशनमध्ये ९०० मिमी अंतर असेल तर १६ मिमीच्या शिमने (खाली घालायची पट्टी) इंजिन १° कलतं. शाफ्ट १.६ मीटरचा असेल तर त्याचं एक टोक २८ मिमी हलवल्यावर उतार १° बदलतो. काय किती हलवायचं हे यावरून आधीच कळतं, प्रत्येक वेळी खोलून बघावं लागत नाही.

चूक सहसा अशी होते. नव्या इंजिनाची सम्प (तळाचं तेलाचं भांडं) पुढच्या ॲक्सलला लागते, म्हणून पुढची बाजू ३० मिमी वर घेतात. ९०० मिमीवर हे जवळपास १.९° झालं. छोट्या व्हीलबेसच्या टिपरमध्ये एकच शाफ्ट असतो. समजा मूळचा गिअरबॉक्सचा उतार ३°, शाफ्टचा ७°, पिनियनचा ३°. दोन्ही क्रॉस ४° वर, बरोबर जुळलेले. इंजिन पुढून उचलल्यावर गिअरबॉक्स ४.९° झाला, शाफ्टचा उतार जवळपास तोच राहिला. आता पुढचा क्रॉस २.१° आणि मागचा ४°. एकमेकांना पुसण्याचं काम अर्धवट राहिलं. किती राहिलं ते काढायचं तर दोन्ही कोनांच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ घ्या: १६ वजा ४.४, म्हणजे ११.६, वर्गमूळ ३.४°. हा उरलेला कोन ३° च्या वर जाऊ देऊ नये. ही गाडी नक्की थरथरणार. इथे बरोबर इलाज सम्प बदलण्याचा आहे. त्याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलची पुढून उथळ सम्प आणि तिचा तेल ओढणारा पाइप बहुधा मिळतो. ते शक्यच नसेल तर पिनियनही तेवढाच कलवा.

दोन शाफ्ट आणि सेंटर बेअरिंग

लांब व्हीलबेसच्या सहा टायरवाल्या गाडीत तीन क्रॉस असतात. पहिला शाफ्ट गिअरबॉक्सपासून सेंटर बेअरिंगपर्यंत, दुसरा तिथून पिनियनपर्यंत. पहिल्या क्रॉसला पुसणारा जोडीदार नसतो, म्हणून त्याचा कोन ०.५° ते १.५° मध्येच ठेवायचा, आणि मागचे दोन क्रॉस एकमेकांशी जुळवायचे.

भरलेल्या गाडीवर मोजलेलं एक उदाहरण घेऊ. पहिला शाफ्ट १.१ मीटर, दुसरा १.६ मीटर.

गिअरबॉक्स ३.०°, पहिला शाफ्ट ३.८°, दुसरा शाफ्ट ६.२°, पिनियन ३.५°, सगळे मागे उतरते.
क्रॉस १: ०.८°. क्रॉस २: २.४°. क्रॉस ३: २.७°.

उरलेला कोन काढताना वर्गांना आळीपाळीने अधिक-उणे करा: ०.६४ वजा ५.७६ अधिक ७.२९, म्हणजे २.१७, वर्गमूळ सुमारे १.५°. उत्तम. मागचा क्रॉस मुद्दाम किंचित जास्त ठेवला आहे. पहिल्या गिअरमध्ये जोर लागतो तेव्हा हाऊसिंग पाट्यांना मुरगळून पिनियनचं नाक वर उचलतं आणि क्रॉस ३ चा कोन कमी होतो, त्याची ही सोय.

आता नव्या गिअरबॉक्सचा मागचा फ्लॅन्ज उतार तोच ठेवून जुन्यापेक्षा २० मिमी खाली आला असं समजा. पहिला शाफ्ट २.८° वर येतो. क्रॉस १ फक्त ०.२° राहिला, सुया चर पाडणार. क्रॉस २ झाला ३.४°, आणि क्रॉस ३ तसाच २.७°. इलाज पाटे किंवा इंजिन न हलवता करता येतो: सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट क्रॉस मेंबरपासून २० मिमी खाली घ्या. पहिला शाफ्ट पुन्हा ३.८°, दुसरा शाफ्ट ५.५°. तीन क्रॉस ०.८°, १.७° आणि २.०°. गाडी पहिल्यापेक्षाही चांगली चालेल. यासाठी एकसंध लोखंडी प्लेट आणि लांब बोल्ट वापरा. वॉशरांच्या चळतीवर टांगलेलं सेंटर बेअरिंग थोड्याच दिवसांत डुलायला लागतं.

बेअरिंगचं तोंड शाफ्टला काटकोनात हवं, नाहीतर रबर एका बाजूने ताणलं जातं. ब्रॅकेट हाताने हलवून बघा. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट कोन बरोबर असूनही निघताना धडधड देतो.

पिनियन फिरवायचं तर पाचर

पाट्यांची गाडी असेल तर हाऊसिंगच्या बैठकीवर, पाट्याखाली पाचर घालतात. बैठक १२० मिमी लांब असेल तर १° साठी पाचरीच्या दोन कडांच्या जाडीत २.१ मिमी फरक लागतो. पाटे हाऊसिंगच्या वर असताना पाचरीची जाड कड मागे ठेवली की पिनियनचं नाक वर येतं, पुढे ठेवली की खाली जातं. पाटे हाऊसिंगच्या खालून जात असतील तर उलट.

पाचर पोलादाची आणि पूर्ण बैठकीइतकी रुंद हवी, मधून सेंटर बोल्टचं डोकं जाईल असं भोक हवं, आणि डोकं हाऊसिंगच्या खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. ॲल्युमिनियमची पाचर हलक्या गाडीला चालते. १६ टनी ट्रकखाली ती चेपते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवेच घाला, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. कर्ण पद्धतीने थोडे थोडे आवळा, शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उतरवून. तीन अंशांपेक्षा जास्त पाचर लागत असेल तर थांबा. मुळात इंजिन, हाऊसिंग किंवा पाटे यांपैकी काहीतरी चुकीचं बसलं आहे.

फेज

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत असणं म्हणजे फेज बरोबर असणं. वरच्या उदाहरणात सगळे कोन बरोबर आहेत. आता दुसऱ्या शाफ्टचा स्प्लाइन (आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) वेगळा केला आणि परत घालताना योक ९०° चुकीचा बसवला असं धरा. क्रॉस २ आणि ३ आता एकमेकांना पुसत नाहीत, एकमेकांत भर घालतात: ५.७६ अधिक ७.२९ वजा ०.६४, वर्गमूळ ३.५°. दीड अंशाची गाडी साडेतीन अंशांची झाली, आणि मीटर एकही वेगळा आकडा दाखवत नाही. म्हणून स्प्लाइन सोडण्याआधी दोन्ही भागांवर पंचाने खूण करा. बाण ठोकलेले असतील तर ते समोरासमोर आणा. खुणा गेल्या असतील तर शाफ्ट बाकावर ठेवून एका योकचे कान उभे करा आणि दुसऱ्याचे कान मीटरने तपासा. इथे एक दाताचीही चूक चालत नाही.

वरून दिसणारा कोन

गाडीच्या बाजूने सगळं जुळलं तरी वरून बघितल्यावर इंजिन किंवा पिनियन एका बाजूला असू शकतं. गिअरबॉक्सच्या फ्लॅन्जच्या मध्यातून, सेंटर बेअरिंगमधून आणि पिनियनमधून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा, खडूची दोरी मारा, आणि सरकलेलं अंतर मोजून तोच १७.५ मिमीचा नियम लावा. खरा कोन दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ असतो. बाजूने २.४° आणि वरून १.५° असेल तर क्रॉस प्रत्यक्षात २.८° वर चालतो. इंजिन सरळ मागे न बघता तिरकं बसलं असेल तर हा भाग सर्वांत जास्त फसवतो, कारण पाचर घालून तो सुधारत नाही. ब्रॅकेटच हलवावे लागतात.

शाफ्टची लांबी आणि बनावट

कोन पक्के झाल्यावरच शाफ्ट कापायला द्या. रबाळे, महापे आणि वागळे इस्टेटमध्ये हे काम करणारे लेथवाले आहेत, पण सोबत आकडे लिहून द्या. फ्लॅन्ज ते फ्लॅन्ज अंतर गाडी चाकांवर असताना घ्या. भरलेल्या गाडीचे पाटे बंप स्टॉपला (चेसिसखालचा रबरी ठोकळा) टेकले तरी स्प्लाइनला २५ मिमी तरी आत जायला जागा उरली पाहिजे. शाफ्ट आतून टेकला तर गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर घण बसतो. चाकं लटकल्यावर स्प्लाइन किमान त्याच्या व्यासाइतका आत धरलेला हवा.

नळी कापण्याआधी तिच्या पूर्ण लांबीवर एक सरळ रेघ आखून घ्या, योक परत त्याच रेघेवर येईल. चार ठिकाणी टाके मारून डायल गेज लावा: टोकाजवळ ०.२५ मिमी आणि मधोमध ०.४ मिमीच्या आत वाकडेपणा आला तरच पूर्ण वेल्डिंग. मग डायनॅमिक बॅलन्सिंग, आणि तेही स्प्लाइन व क्रॉस बसवलेल्या पूर्ण शाफ्टचं.

सेंटर बेअरिंग काढून एकच लांब शाफ्ट करू, असा सल्ला मिळाला तर आधी हा हिशेब करा. ९० मिमी बाहेरचा आणि ८३ मिमी आतला व्यास असलेली १.८ मीटरची पोलादी नळी सुमारे ४६०० फेऱ्यांना स्वतःच्या थरथरीत सापडते. तिच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३२०० च्या खालीच ती वापरायची. तीच नळी २ मीटर केली की ही मर्यादा सुमारे २६०० वर येते, आणि वर काढलेल्या २५०० ला जेमतेम श्वास उरतो. उतारावर गाडी थोडी पळाली की शाफ्ट धनुष्यासारखा वाकून फिरेल. सेंटर बेअरिंग ठेवा.

चालवून तपासणं

रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही अवस्थांत कोन मोजा. वजनकाट्यावरून रोजच्या भाराची पावती घेऊन लगेच मोजलेलं सगळ्यांत चांगलं. १.६ मीटरच्या शाफ्टचं पुढचं टोक भाराने ८० मिमी खाली आलं तर उतार जवळपास ३° बदलतो. उदाहरणातली गाडी रिकामी झाल्यावर क्रॉस २ आणि ३ साधारण ५.३° आणि ५.६° वर जातील. कोन मोठे, पण सारखे, आणि २५०० फेऱ्यांच्या ७° मर्यादेत. पहिला शाफ्ट आणि पिनियन जवळपास समांतर ठेवण्याचा हाच खरा फायदा आहे: भार बदलला तरी दोन्ही क्रॉसचे कोन बरोबरीने बदलतात.

चालवताना लक्षण आणि वेग दोन्ही नोंदवा. एकच रस्त्यावरचा वेग दोन वेगळ्या गिअरमध्ये धरा. थरथर त्याच किमीला येत असेल तर दोष शाफ्टच्या बाजूला. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सरकत असेल तर क्लच, फ्लायव्हील किंवा फाउंडेशनकडे बघा. शाफ्टच्या एका फेरीला एक धक्का म्हणजे बॅलन्स किंवा वाकडेपणा, दोन धक्के म्हणजे कोन किंवा फेज. निघताना ५ ते २५ किमीमध्ये धडधड होऊन पुढे गाडी शांत होत असेल तर पहिला क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा ढिले यू-बोल्ट. चढावर जोर लावताना थरथर आणि ॲक्सिलरेटर सोडला की बंद, हे पिनियन भाराखाली जास्त उचललं जात असल्याचं लक्षण. महापे-शिळफाटा चढ किंवा गायमुखचा चढ यासाठी पुरेसा आहे. सपाटीवर एका ठरावीक वेगालाच घुमणारा आवाज येत असेल तर कोनांआधी बॅलन्स तपासा.

पहिल्या ५०० किमीनंतर यू-बोल्ट, फ्लॅन्जचे बोल्ट आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर घ्या आणि चारही उतार पुन्हा मोजा. नवे रबर आणि पाचर थोडे बसतात. अर्ध्या अंशाचा फरक आला तर शिमने सुधारा. क्रॉसमध्ये ग्रीस भरताना चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. एका कपातून येत नसेल तर तो क्रॉस खोलून बघा, त्या कपात सुया कोरड्या आहेत. उरण-जेएनपीटी बाजूला खाऱ्या पाण्यातून आणि पावसाळ्यात तुंबलेल्या सर्व्हिस रोडवरून जाणाऱ्या गाडीला हे काम पाणी लागल्यावर लगेच करायचं, सर्व्हिसची तारीख येण्याची वाट बघायची नाही.